सगळंच काळं, तर भेद कशात? उपग्रह प्रतिमांवरून नाशिकच्या खडकांचा नकाशा करताना

उपग्रह प्रतिमेवरून खडक ओळखायला शिकवणारे बहुतेक धडे वाळवंटी मुलखाच्या उदाहरणांवर बेतलेले असतात. तिथे चुनखडक, वालुकाश्म, ग्रॅनाइट शेजारीशेजारी उघडे पडलेले असतात आणि तीन बँड (म्हणजे प्रकाशाच्या एकेका पट्ट्यात टिपलेल्या प्रतिमा) जोडले की प्रत्येकाचा रंग वेगळा उठून दिसतो. तेच धडे नाशिक जिल्ह्यावर गिरवले की पडद्यावर सगळं काळपट-तपकिरी दिसतं आणि नवशिक्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काहीच नसतं. इथे डोंगरमाथ्यापासून विहिरीच्या तळापर्यंत बेसाल्टच आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. त्यामुळे ‘खडकांचे प्रकार’ वेगळे करायचे म्हणजे इथे नेमकं काय वेगळं करायचं, हे आधी ठरवावं लागतं.

विहिरी खणणाऱ्यांची वर्गवारी या कामाला चांगली उपयोगी पडते. पक्का काळा पाषाण, म्हणजे थराचा मधला घट्ट भाग. मांजऱ्या, म्हणजे थराच्या वरच्या बाजूचा, वायूच्या पोकळ्या पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेला खडक. मुरूम, म्हणजे कुजून भुसभुशीत झालेला बेसाल्ट. गेरू, म्हणजे दोन थरांच्या मधला लाल मातकट पट्टा. यांत आणखी तीन गोष्टी धरा: थरांना उभा छेद देऊन घुसलेल्या खडकाच्या भिंती (डाइक), काळी जमीन आणि गोदावरी, दारणा, गिरणा यांच्या काठचा चुनखडीचे खडे असलेला गाळ. या सातांपैकी मुरूम, काळी जमीन आणि गाळ रंगावरून बऱ्यापैकी वेगळे होतात. पाषाण आणि मांजऱ्या रंगावरून जवळजवळ होतच नाहीत, ते उतारावरून होतात. नाशिकला रंगावर अर्धाच भरवसा ठेवायचा आणि उरलेलं काम जमिनीच्या आकारावर सोपवायचं.

एक अपेक्षा इथेच सोडून द्या. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेल्या झिओलाइटसारखी खनिजं या प्रतिमांत शोधायला जाऊ नका. ती पोकळ्यांमध्ये असतात, पोकळ्या सहसा काही सेंटिमीटरच्या आणि आपला पिक्सेल १० ते २० मीटरचा. शिवाय झिओलाइटमधल्या पाण्याच्या ठळक खुणा १.४ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपास पडतात. तिथला प्रकाश हवेतली वाफच गिळून टाकते, म्हणून जमीन पाहण्यासाठी त्या जागी बँडच ठेवलेले नसतात.

भाग आणि महिना

पहिल्याच कामाला आख्खा जिल्हा घेऊ नका. १५ किलोमीटर बाय १५ किलोमीटरचा चौकोन पुरे, आणि तो पूर्वेकडे घ्या. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पाऊस भरपूर, झाडी आणि गवत दाट, कातळावर शेवाळ आणि दगडफूल. तिथे उपग्रहाला खडक दिसतच नाही, खडकावर काय वाढलंय ते दिसतं. चांदवड, मनमाड, येवला, सिन्नरचा पूर्व भाग इथे कातळ उघडा असतो. शिकण्यासाठी सातमाळा रांगेतला धोडप ते चांदवड हा तुकडा उत्तम: रांग पूर्व–पश्चिम पसरलेली, कडे उघडे, पायथ्याला शेती आणि पडताळ्याला जायचं तर गडांच्या वाटा ठाऊक असलेले लोक गावोगाव.

प्रतिमा मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलअखेर या काळातली घ्या. तोवर डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं, गहू-हरभरा निघालेला असतो आणि एप्रिलच्या खरड छाटणीमुळे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागाही काही आठवडे बोडक्या असतात. मे महिन्यात हवेत धूळ वाढते. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ, पण सूर्य खाली असतो. आपण ज्याच्या प्रतिमा वापरणार तो युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह आपल्या डोक्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. तेव्हा सूर्य आग्नेयेला असल्याने कड्यांच्या वायव्य बाजू सावलीत बुडतात. तरी जानेवारीची एक प्रतिमा उतरवून ठेवाच. रंगासाठी ती निकामी असली तरी कड्यांच्या धारा आणि डाइक शोधायला त्याच सावल्या कामी येतात.

मार्च-एप्रिलची एक खोड लक्षात ठेवा: वणवे. जळालेला उतार प्रतिमेत काळा दिसतो आणि नवशिके त्याला हमखास ताजा बेसाल्ट म्हणून रंगवतात. दोन खुणा तपासा. जळालेल्या जागी बी-१२ या लघुलहरी अवरक्त बँडचं परावर्तन बी-८ए या निकट-अवरक्त बँडपेक्षा स्पष्ट जास्त असतं, उघड्या बेसाल्टमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ असतात. दुसरी खूण त्याहून सोपी: पाच-दहा दिवस आधीची प्रतिमा उघडा. काळा डाग तिथे नसेल तर तो खडक नाही.

प्रतिमा उतरवून घेताना

कोपर्निकस ब्राउझर या सेंटिनेलच्या प्रतिमा देणाऱ्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा, सेंटिनेल-२ आणि त्यातली एल-२ए पातळी निवडा. यात हवेचा परिणाम वजा करून जमिनीवरचं परावर्तन दिलेलं असतं. ढग पाच टक्क्यांहून कमी असलेली प्रतिमा पाहा, पण तो आकडा पूर्ण टाइलचा, म्हणजे प्रतिमा ज्या ठरावीक चौकोनी तुकड्यांत मिळतात त्यातल्या एका तुकड्याचा असतो, तुमच्या चौकोनावर ढग आहे की नाही हे डोळ्यांनीच बघावं लागतं. नाशिक शहर, त्र्यंबक, दिंडोरी हा भाग ४३-क्यूसीसी या टाइलमध्ये येतो, इगतपुरी ४३-क्यूसीबी मध्ये, मालेगाव ४३-क्यूडीसी मध्ये. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांतही अशीच गंमत आहे. २० अंश अक्षांशाची रेघ शहरातूनच जाते, म्हणून एका शहरासाठी ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३ अशी दोन पत्रकं लागतात.

एक टाइल म्हणजे साधारण एक जीबीची झिप. आत ‘आर-१०-एम’, ‘आर-२०-एम’, ‘आर-६०-एम’ असे फोल्डर सापडतील. थेट २० मीटरचा फोल्डर वापरा. त्यात निळा बी-२, हिरवा बी-३, लाल बी-४, निकट-अवरक्त बी-८ए आणि खडकांसाठी महत्त्वाचे बी-११ (१.६१ मायक्रॉन) व बी-१२ (२.१९ मायक्रॉन) एकाच आकाराच्या पिक्सेलमध्ये तयार मिळतात. १० मीटरचा मोह पडतो, पण बी-११ आणि बी-१२ मुळातच २० मीटरचे आहेत. ते ताणून १० मीटरचे केले तर फक्त चित्र गुळगुळीत होतं, माहिती वाढत नाही. दहा मीटरचे बँड पुढे डाइक शोधताना काढा.

लँडसॅट ८ आणि ९ या अमेरिकी उपग्रहांचे ३० मीटरचे बँडही चालतात, जुन्या काळाशी तुलना करायची असेल तर तेच लागतात. ॲस्टर या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचं नाव बऱ्याच ठिकाणी वाचाल. त्याचे लघुलहरी अवरक्त बँड एप्रिल २००८ मध्ये बंद पडले, म्हणून त्या बँडांसाठी त्याआधीचीच प्रतिमा घ्यावी लागते. औष्णिक बँडांवरून सिलिका कमी-जास्त ओळखता येते खरी, पण जिथे सगळंच बेसाल्ट आहे तिथे ९० मीटरच्या पिक्सेलवर त्याचा उपयोग मर्यादित.

हजार वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका

क्यूजीआयएस हे नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा. रास्टर → मिसेलेनियस → बिल्ड व्हर्च्युअल रास्टर या वाटेने सहा बँड जोडा आणि ‘प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये’ या पर्यायावर खूण करायला विसरू नका. ती नसेल तर एकच बँड तयार होतो. प्रक्षेपण, म्हणजे गोल जमीन सपाट नकाशावर मांडायची पद्धत, यूटीएम ४३ उत्तर (संकेतांक ईपीएसजी ३२६४३) आहे ना, ते पाहा. मग चौकोनापुरतं कापून घ्या.

आता आकड्यांकडे या. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या सेंटिनेल-२ फाइलींमध्ये प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. परावर्तन काढायचं तर आकड्यातून १००० वजा करून १०,००० ने भागायचं. बी-४ चा फक्त रंग बघायचा असेल तर याने फरक पडत नाही, पण एका बँडला दुसऱ्याने भागायचं म्हटलं की सगळं बिघडतं. आणि बेसाल्टसारख्या गडद खडकात सर्वांत जास्त बिघडतं.

हे आकड्यांत पाहा. समजा कातळाच्या एका पिक्सेलमध्ये लाल १९०० आणि निळा १७०० आहे. तसंच भागलं तर १.१२. हजार वजा करून भागलं, म्हणजे ९०० भागिले ७००, तर १.२९. शेजारच्या लालसर मुरमात लाल ३४००, निळा २२००. तसंच भागलं तर १.५५, वजा करून भागलं तर २.००. कातळ आणि मुरूम यांच्यातलं खरं अंतर ०.७१ असताना चुकीच्या हिशेबात ते ०.४३ वर आलं. मग पडद्यावर फरक दिसत नाही म्हणून लोक रंग ताणत बसतात.

गुगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेतला सेंटिनेलचा ‘हार्मोनाइज्ड’ संच वापरत असाल तर ही वजाबाकी तिथे आधीच झालेली असते, दुसऱ्यांदा करू नका. लँडसॅटच्या दुसऱ्या संग्रहातल्या पातळी-२ साठी सूत्र वेगळं: आकडा गुणिले ०.००००२७५, वजा ०.२.

काय झाकायचं

एल-२ए सोबत एससीएल नावाचा वर्गवारीचा थर येतो आणि ढग-सावल्या झाकायला सगळे तो डोळे मिटून वापरतात. आपल्याकडे तसं करून चालत नाही. गडद बेसाल्ट या वर्गवारीत पुष्कळदा वर्ग २, म्हणजे ‘गडद भाग’ म्हणून, कधी वर्ग ३, म्हणजे ‘ढगाची सावली’ म्हणूनही पडतो. दोन्ही झाकले की नेमका कडाच नकाशातून गायब. ढगांचे वर्ग ८, ९, १० झाका. वर्ग २ राहू द्या. वर्ग ३ झाकण्याआधी आकाशात खरंच ढग होता का ते बघा.

मग झाडी. एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक काढा (बी-८ए वजा बी-४, भागिले दोहोंची बेरीज) आणि ०.३ च्या वरचं झाका. एवढ्यावर थांबलात तर वाळलेलं गवत तसंच राहतं आणि ते मोठं फसवं असतं. वाळक्या गवतातला सेल्युलोज २.१ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतो, त्यामुळे बी-१२ खाली येतो आणि मातीची खूण म्हणून वापरलं जाणारं बी-११ भागिले बी-१२ हे गुणोत्तर वर चढतं. परिणाम असा, की गवताळ पठार नकाशावर चिकणमाती म्हणून झळकतं.

उपाय सोपा आहे: एका दिवसाचा एनडीव्हीआय न घेता वर्षभरातला कमाल एनडीव्हीआय घ्या. जिथे ऑक्टोबरमध्ये हिरवं होतं तिथे एप्रिलमध्ये गवत, धसकट किंवा नांगरलेलं रान आहे. वर्षभरात जो पिक्सेल ०.३ च्या वर गेलाच नाही तो कातळ, खडकाळ बरड, रस्ता, छप्पर किंवा खाण. अर्थ इंजिनमध्ये हे चार ओळींचं काम आहे. क्यूजीआयएसमध्ये करायचं तर ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल अशा तीन प्रतिमांचा कमाल घेतला तरी बरंचसं साधतं. इगतपुरीकडे हा निकष लावला तर चौकोनात जवळपास काहीच उरत नाही, हेही करून पाहण्यासारखं आहे.

रंग

लाल जागी बी-१२, हिरव्या जागी बी-८ए, निळ्या जागी बी-२. झाडी हिरवी, मुरूम आणि उघडी माती गुलाबी-तपकिरी, पाणी काळं-निळं, कातळ गडद करडा. रंग ताणताना दोन ते अठ्ठ्याण्णव टक्के ही मर्यादा ठेवा आणि ती पूर्ण टाइलवरून न काढता पडद्यावर दिसणाऱ्या भागावरून काढा. तसं न केल्यास शहरातले पत्रे आणि शेततळ्यांचं प्लास्टिक सगळी मर्यादा खाऊन टाकतात.

गुणोत्तरं तीन पुरेत. बी-४ भागिले बी-२: लोहाचा गंज, म्हणजे लाल माती, गेरू, लालसर मुरूम. बी-११ भागिले बी-१२: चिकणमातीची खनिजं, अर्थात वर सांगितलेली गवताची झाकणी लावल्यानंतरच. बी-११ भागिले बी-८ए: हे उघड्या मातीत आणि मुरमात चढतं, ताज्या बेसाल्टमध्ये एकाच्या आसपास राहतं. तिन्ही मिळून एक रंगीत चित्र करा. सावलीचा परिणाम गुणोत्तरात बराच कमी होतो, मात्र खोल सावलीत आकडे इतके लहान असतात की भागाकाराला अर्थ उरत नाही. ०.०३ पेक्षा कमी परावर्तनाचे पिक्सेल सरळ बाजूला काढा.

गेरूबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो शोधायची हौस सगळ्यांना असते. गेरूचा पट्टा सहसा मीटरभर, कधी दोन-तीन मीटर जाडीचा आणि तोही उभ्या कड्यात. उपग्रह वरून बघतो, त्यामुळे कड्यातला दोन मीटरचा आडवा पट्टा त्याला जवळजवळ शून्य रुंदीचा दिसतो. बी-४ भागिले बी-२ मध्ये जे लाल डाग चमकतात ते बहुतेक वीटभट्ट्या, मुरमाचे रस्ते आणि उतारावर ओघळलेली लाल माती असते. ओघळ मात्र उपयोगी आहे. एकाच उंचीवर, एकाच रेषेत चार-पाच ओघळ सुरू होत असतील तर त्यांच्या डोक्याशी गेरू असण्याची शक्यता आहे. तिथे खूण करून ठेवा, पडताळा नंतर.

दगडखाणी आणि क्रशरही असेच चकवतात. दगडाची पूड अखंड दगडापेक्षा खूप उजळ दिसते, म्हणून खाणीतला घट्ट काळा पाषाण प्रतिमेत फिक्या मातीसारखा येतो. खाणी हाताने रेखाटून वेगळ्या ठेवा.

उतार वाचणं: इथे घाई नको

लाव्हाच्या थराची रचना डोंगराच्या कडेला एखाद्या जिन्यासारखी उतरते. मधला घट्ट पाषाण टिकतो आणि कडा बनतो. वरचा मांजऱ्या आणि गेरू लवकर झिजतात आणि त्यांची सपाटी किंवा मंद उतार होतो. म्हणजे कडा दिसला की पाषाण आणि पायरी दिसली की मांजऱ्या किंवा थरांचा सांधा, असं पहिलं अनुमान बांधता येतं. पण सगळे थर असे शिस्तीचे नसतात. छोट्या-छोट्या फुगवट्यांनी बनलेल्या संयुक्त थरांत घट्ट आणि पोकळ भाग मिसळलेले असतात, तिथे टेकड्या गोलसर होतात आणि पायऱ्या नीट उमटत नाहीत. अशा टेकडीवर जबरदस्तीने पायऱ्या शोधू नका. ‘संयुक्त थर’ असा वेगळा वर्ग करा आणि पुढे चला.

उंचीच्या आकड्यांसाठी कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम (प्रत्येक पिक्सेलमध्ये जमिनीची उंची दिलेला थर) किंवा इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडीईएम घ्या. उतरवलेला डीईएम अंश-अक्षांशात असतो. तसाच उतार काढला तर जवळपास सगळीकडे ९० अंशांच्या आसपास आकडा येतो, कारण आडवं माप अंशात आणि उभं मीटरमध्ये. आधी तो ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदला, मग उतार, हिलशेड (उजेड-सावलीने उठाव दाखवणारं चित्र) आणि २० मीटरच्या समोच्च रेषा काढा.

कड्यासाठी उताराची मर्यादा किती ठेवायची? उभा कडा म्हणजे ८०-९० अंश, म्हणून लोक ६० अंशांची मर्यादा लावतात आणि नकाशा कोरा येतो. उतार काढताना संगणक मधल्या पिक्सेलच्या अलीकडचा आणि पलीकडचा पिक्सेल घेतो, म्हणजे ६० मीटरचं आडवं अंतर. ४० मीटरचा अगदी ताठ कडाही त्यामुळे ४० भागिले ६०, म्हणजे जेमतेम ३४ अंशांचा उतार दाखवतो. मर्यादा ३० अंशांवर ठेवा. आणि १० मीटरचा कडा? तो साडेनऊ अंशांचा साधा उतार होऊन जातो. १५ मीटरपेक्षा कमी उंचीचे कडे या डीईएममध्ये सापडणार नाहीत, ते जानेवारीच्या सावल्यांत किंवा गुगल अर्थच्या बारीक प्रतिमेत शोधायचे.

क्यूजीआयएस ३.२६ पासून उंचीचा छेद काढायची खिडकी आतच मिळते. डोंगराला आडवी रेघ मारा आणि छेद बघा. सपाट्या कुठल्या उंचीवर येतात ते लिहून ठेवा. मग शेजारच्या डोंगरावर त्याच उंचीच्या आसपास सपाटी आहे का पाहा. थर जवळजवळ आडवे असल्याने थरांच्या सीमा समोच्च रेषांना धरून चालतात, आणि एका डोंगरावरून दुसऱ्यावर सीमा ओढून नेण्याची ही सर्वांत खात्रीची वाट आहे. ‘जवळजवळ’ हा शब्द मात्र विसरू नका. थराला अर्धाच अंश कल असला तरी १० किलोमीटरवर तो सुमारे ८७ मीटर वर-खाली होतो. दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब उडी मारू नका, मधल्या टेकड्यांवर टेकत टेकत जा.

काळी जमीन आणि कातळ दोन्ही गडद, पण त्यांचं भांडण उतार बहुतेक वेळा मिटवतो. दोन-तीन अंशांपेक्षा कमी उतार, चौकोनी बांध आणि वर्षातून कधीतरी हिरवं होणं या तीन गोष्टी जुळल्या की काळी जमीन. गाळ नदीपासून फार दूर जात नाही आणि काठच्या घळींनी कातरलेला दिसतो.

डाइक

यासाठी १० मीटरचे बँड आणि कमी सूर्याची प्रतिमा. डाइक म्हणजे सरळ रेघ, पण सरळ रेघ म्हणजे डाइक नव्हे: कालवे, विजेच्या तारांखालची पट्टी, बांध, जुने रस्ते सगळे सरळच असतात. खरी डाइक उतार चढते-उतरते, गावांची पर्वा करत नाही आणि ओढ्याला आडवी गेली की ओढा तिथे वळतो किंवा अरुंद होतो. बागलाण-मालेगावकडून धुळे-नंदुरबारपर्यंत पूर्व–पश्चिम दिशेच्या डाइक भरपूर आहेत, सरावासाठी तिकडचा एक चौकोन जरूर घ्या. धोडपच्या माचीवरची भिंत ट्रेकर मंडळींना तोंडपाठ आहे. वरून पाहताना ती तिच्या दगडापेक्षा तिच्या सावलीवरून आधी सापडते. काही डाइक भोवतालच्या खडकाआधी झिजून चरासारख्या होतात. काही ठिकाणी डाइक जमिनीखालचं पाणी अडवते, मग उन्हाळ्यात तिच्या वरच्या अंगाला हिरवळीची रेघ दिसते. अशी रेघ एप्रिलच्या एनडीव्हीआयमध्ये शोधा.

प्रत्येक रेषेपुढे खात्रीचा आकडा लिहा: १ म्हणजे नक्की, २ म्हणजे बहुधा, ३ म्हणजे नुसता संशय.

संगणकाकडून वर्गीकरण

हे शेवटी, आधी नाही. हाताने रेखाटून झालेल्या भागावरच संगणकाला शिकवता येतं. क्यूजीआयएसमधलं सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइन घ्या. वर्ग पाच-सहाच ठेवा: उघडा पाषाण, मुरूम-मांजऱ्या, काळी जमीन, गाळ, झाडी-गवत, वस्ती-खाण. प्रत्येक वर्गासाठी आठ-दहा तुकडे, प्रत्येकी २०-३० पिक्सेलचे, आणि ते चौकोनभर विखुरलेले. एकाच टेकडीवरचे सगळे तुकडे घेतले तर संगणक पाषाण शिकत नाही, ती टेकडी शिकतो.

रँडम फॉरेस्ट ही वर्गीकरणाची पद्धत घ्या आणि तिला सहा बँड, तीन गुणोत्तरं, उतार आणि वर्षाचा कमाल एनडीव्हीआय द्या. स्पेक्ट्रल अँगल मॅपर या पद्धतीचं नाव खडकांच्या संदर्भात नेहमी येतं. ती उजेड-अंधाराकडे दुर्लक्ष करते, हा तिचा गुण सांगितला जातो. आपल्याकडे तोच दोष ठरतो, कारण ताजा आणि थोडा कुजलेला बेसाल्ट यांच्यात बराचसा फरक उजळपणाचाच असतो. तिच्यात उतारासारखा थर घुसवणं तर पूर्णच चूक.

निकाल आला की नऊ पिक्सेलपेक्षा लहान ठिपके गाळा, म्हणजे ०.३६ हेक्टरपेक्षा लहान तुकडे राहत नाहीत. डाइकच्या रेषा या गाळणीतून वाचवायच्या असतील तर त्या वेगळ्या थरातच ठेवा. अचूकता ९५ टक्क्यांच्या वर दिसली तर खूश होण्याआधी तपासाचे बिंदू शिकवणीच्या तुकड्यांतूनच तर आले नाहीत ना, ते बघा. बहुतेकदा तसंच असतं.

डोंगरावर पडताळा

प्रत्येक वर्गाचे किमान ३० बिंदू, वाटेच्या दोन्ही बाजूंना, निम्मे तरी तुम्हाला शंका असलेल्या जागी. सोबत जीपीएस असलेला फोन, भूवैज्ञानिकाचा हातोडा, दहापट भिंग, चाकू आणि १० टक्के विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली. पोकळीतल्या पांढऱ्या खनिजावर थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर बहुधा झिओलाइट किंवा क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झवर चाकूचा ओरखडा उठत नाही. खडक फोडून आतला ताजा पृष्ठभाग बघा, पण बाहेरची साल कशी आहे तेही लिहा. उपग्रहाने सालच पाहिलेली असते. बिंदू पिक्सेलच्या मधोमध यावा म्हणून भोवती ४०-५० मीटरपर्यंत एकच खडक असलेली जागा निवडा.

पांडवलेणी, चांभारलेणी किंवा गडांच्या बांधकामाला, पायऱ्यांना हातोडा लावायचा नाही. वनहद्दीत आधी विचारून जा. उन्हाळ्यात कड्यांना आग्या मोहोळं असतात, त्यांच्या खाली दगड फोडू नका, अत्तर लावून जाऊ नका.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० चे नकाशे भूकोश पोर्टलवर आहेत. ते आपला पहिला कच्चा नकाशा झाल्यावरच उघडा, नाहीतर डोळे त्यांच्याच रेषा शोधत राहतात. तिथे साल्हेर, रतनगड अशी शैलसमूहांची नावं दिसतील, संशोधकांच्या लेखांत जव्हार, इगतपुरी, ठाकूरवाडी. ही दुसरी वर्गवारी मुख्यतः खडकाच्या रासायनिक पृथक्करणावर उभी आहे. प्रतिमेवरून ती नावं तुमच्या नकाशावर लिहू नका. ‘थर क्रमांक ३, पायथा अमुक मीटर’ एवढंच लिहा आणि सूचीत प्रतिमेची तारीख, टाइल, डीईएमचं नाव, झाकणीच्या मर्यादा आणि पडताळ्याच्या बिंदूंची संख्या द्या. पडताळा न झालेल्या सीमा तुटक रेषेने काढा.